कॉट बेसिसवर गेलेला फ्लॅट

पुण्यात नवी पेठेत, गांजवे चौकापासून पायी पाच मिनिटांवर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. आम्ही दोघं नोकरीनिमित्त साताऱ्याला आलो, इथेच स्थिरावलो आणि फ्लॅट भाड्याने द्यायला लागलो. त्या भाड्यातून सासूबाईंची औषधं आणि त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशींचा पगार भागायचा. त्यामुळे तिथला भाडेकरू करार मोडून बसला तेव्हा त्याची झळ थेट घरात लागली. तो फ्लॅट परत मिळेपर्यंत काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यावर वेळ आली तेव्हा जो तो वेगळंच सांगत होता आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं.

माझे सासरे भाडेकरू ठेवायच्या कायम विरोधात होते. त्यांच्या वडिलांच्या वाड्यात जुने भाडेकरू होते, पिढ्यान्‌पिढ्या, महिना काही रुपयांवर. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात भाडं गोठलेलं आणि माणूस उठवणं जवळपास अशक्य. त्यावर मार्ग म्हणून लोक जागा लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवान्यावर, द्यायला लागले, तर कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवान्यावर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. पुण्या-मुंबईतल्या त्या पिढीच्या मनात बसलेली भीती तिथली आहे. घर एकदा दिलं की गेलं, असं सासरे म्हणायचे ते उगाच नव्हे.

पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि चित्र बदललं. राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळवण्यासाठी त्यात कलम २४ आहे आणि अशा अर्जांसाठी नेहमीच्या दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकारी नेमलेले आहेत. अट एकच, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरून चालतात, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो तो वेगळाच.

आम्ही नोंदणी केली होती. बावीस महिन्यांचा करार, १ फेब्रुवारी २०२३ ते ३० नोव्हेंबर २०२४. पहिले अकरा महिने २६,००० आणि पुढे २७,००० भाडं, डिपॉझिट एक लाख. मुद्रांक शुल्क साधारण दीड हजार, नोंदणी फी एक हजार. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, आधारवर अंगठे झाले, काही दिवसांत इंडेक्स टूसकट, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यासकट, पीडीएफ हातात. एवढ्या किरकोळ खर्चात जे संरक्षण मिळतं ते टाळून शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करणारे लोक मला आजही भेटतात. मी त्यांना हात जोडून सांगते, असं करू नका.

भाडेकरू म्हणजे चाळिशीतला एक गृहस्थ. बायको, दोन मुलं, सोबत म्हातारी आई. बोलायला मिठ्ठास. 'ताई, घर तुमचं नाही, आमचं समजून ठेवू.' वर्षभर भाडं वेळेवर आलं. पुढे २०२४च्या उन्हाळ्यात पाच तारखेचं भाडं वीस तारखेवर गेलं, मग दोन हप्त्यांत यायला लागलं. वीजमीटर आमच्या नावावर असल्याने महावितरणचं बिल मोबाइलवर दिसायचं. बाराशे-तेराशेचं बिल साडेचार हजारांवर गेलं. मी विचारलं तर म्हणाले, 'ताई, एसी बसवलाय, आईला उकाडा सोसत नाही.' नंतर सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. ते म्हणाले, 'वहिनी, तुमच्याकडे नेमकं कोण राहतंय? पाण्याची टाकी दुपारीच रिकामी होतेय आणि जिन्यात चपलांची रांग लागलेली असते.'

आमच्या करारात एक अट होती, आगाऊ कळवून मालकाला जागा पाहता येईल. मी व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर तारीख-वेळ कळवली. उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी आणि माझे मिस्टर गेलो. त्याच सुमारास राज्यसेवेची पूर्व परीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली म्हणून मुलांचं आंदोलन पेटलं होतं, शास्त्री रस्त्यावर रात्र रात्र मुलं बसून होती. रिक्षावाल्याने आम्हाला आधीच उतरवलं.

दार एका विशीतल्या मुलाने उघडलं. बनियन, कानात इयरफोन, हातात हायलायटर. 'कोण पाहिजे काकू?' मी म्हटलं, 'हे घर आमचं आहे.' तो गोंधळला. 'आम्हाला तर वाटलं काकाच मालक आहेत.'

आत हॉलमध्ये पाच लोखंडी कॉट होते, एकीला एक चिकटून. प्रत्येकीच्या डोक्याशी भिंतीवर काळ्या मार्करने नंबर टाकलेला आणि खाली एक पत्र्याची पेटी. दोन्ही बेडरूममध्ये तीन-तीन कॉट, म्हणजे एकूण अकरा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्लायवूड टाकून त्यावर पुस्तकांच्या चळती. एका सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड, त्यातून दुसरा, त्यातून तिसरा, आणि मूळ सॉकेटभोवती भिंत करपून काळी पडलेली. आमचं सागवानी कपाट मिस्टरांनी सुताराजवळ उभं राहून करून घेतलं होतं. त्याच्या एकेका खणाला कडी ठोकून वेगवेगळी कुलुपं लावली होती, वर नावांच्या चिठ्ठ्या. गॅलरीत ओले टॉवेल, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि इतिहासातल्या सनावळ्यांचा हाताने केलेला तक्ता, अक्षर अगदी सुरेख. मिस्टर बराच वेळ त्या सॉकेटपाशी उभे होते. अकरा मुलं झोपलेली असताना तिथे रात्री ठिणगी पडली असती तर, हाच विचार दोघांच्याही मनात होता.

मुलं बीड, हिंगोली, बुलढाणा, जत अशा ठिकाणची. घर कॉट बेसिसवर दिलेलं, म्हणजे दर कॉटमागे वेगळं भाडं. कॉटचं महिन्याला ३,२०० आणि डिपॉझिट सहा हजार, सगळं त्या गृहस्थाच्या नंबरवर यूपीआयने. म्हणजे आमच्याकडून २७,०००ला घेतलेल्या घराचे तो ३५,२०० करत होता, आणि तेही आम्हाला रखडवून. कुटुंबासह तो कधीच धायरीकडे राहायला गेला होता. 'काकू, आम्हाला बाहेर काढणार का?' हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं की मी तुमच्या सामानाला हात लावणार नाही, पण नवा मुलगा आणू नका आणि कुणालाही आणखी पैसे आगाऊ देऊ नका. आमच्या कराराची प्रत त्यांना दाखवली. त्यात पोटभाडेकरू ठेवता येणार नाही, कुटुंबाच्या राहण्याखेरीज वापर करता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो सनावळ्यांच्या तक्त्याचा मुलगा सगळं शांतपणे वाचत होता. त्याने स्वतःहून यूपीआयच्या पावत्यांचे स्क्रीनशॉट मला पाठवले. आमच्या सगळ्या प्रकरणात इतका भक्कम पुरावा दुसरा नव्हता.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. माझे दीर म्हणाले, 'वहिनी, चार माणसं घेऊन जाऊ, मुलं क्लासला गेली की कुलूप बदलू.' कुणी म्हणालं लाइट तोडा, कुणी म्हणालं पाण्याचा कॉक बंद करा. आमच्या वकील मॅडमनी हे सगळं एका वाक्यात निकालात काढलं, 'कुलूप बदललंत की फिर्यादी तो आणि आरोपी तुम्ही.' कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून माणूस ताबा परत मिळवू शकतो, मालकी कुणाची हा प्रश्न तिथे येतच नाही. वीज-पाणी तोडल्याबद्दल भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ची तक्रार येऊ शकते. आणि मला स्वतःला हे आवडणारंच नव्हतं. कुलूप बदललं असतं तर त्या गृहस्थाचं काय बिघडणार होतं? रस्त्यावर आली असती ती मुलं, पेट्या आणि पुस्तकं घेऊन, परीक्षेच्या तोंडावर. घर आमचं आहे हे खरं, पण दारावर चार माणसं नेऊन मुलांना घाबरवणं आमच्याच्याने होणार नव्हतं.

पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी सरळ सांगितलं की हे दिवाणी प्रकरण आहे, ताबा आम्ही देऊ शकत नाही. ते बरोबरच होतं. पण मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही लेखी अर्ज दिला, की पोलिसांकडे भाडेकरू म्हणून ज्यांची माहिती ऑनलाइन नोंदवली आहे ते कुटुंब तिथे राहत नाही, करारात नाव नसलेली माणसं राहतात, काही झालं तर आम्ही कळवलेलं आहे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतली. सोसायटीलाही तसंच पत्र दिलं आणि पोच घेतली.

पुढे नोटीस. नोटिशीत मॅडमनी तीन गोष्टी लिहिल्या, कोणत्या अटी कधी आणि कशा मोडल्या, थकलेलं भाडं किती, आणि करारात ठरल्याप्रमाणे महिन्याची मुदत देऊन परवाना रद्द करत आहोत. ती रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह दोन पत्त्यांवर गेली, फ्लॅटच्या आणि करारात लिहिलेल्या त्याच्या कायमच्या पत्त्यावर. शिवाय ईमेल, शिवाय व्हॉट्सॲप. एक पाकीट 'अनक्लेम्ड', म्हणजे कुणी घेतलं नाही, असा शेरा मारून परत आलं. मी हताश झाले, पण मॅडम म्हणाल्या, पाकीट न फोडता जसंच्या तसं ठेवा. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र घ्यायचं टाळलं तरी ते पोचलं असंच कायदा धरून चालतो. ते बंद पाकीट पुढे अर्जाला जोडलं गेलं. व्हॉट्सॲपवर मात्र दोन निळ्या खुणा आल्या आणि त्याचा फोनही आला. 'ताई, असं वकिलामार्फत कशाला? आपलं घरचं नातं आहे.' सप्टेंबरचं भाडं भरलं आणि त्यानंतर पैसे बंद.

इथे एक कळीचा निर्णय होता. नोटिशीची मुदत संपल्यावर लगेच अर्ज करायचा की कराराची मूळ मुदत संपेपर्यंत थांबायचं? मॅडमचं म्हणणं असं की कलम २४ मुदत संपल्यावर ताबा मिळण्याबद्दल बोलतं, मुदतीआधी रद्द केलेल्या परवान्यावर समोरचा वकील फाटे फोडत बसेल, आणि दोनच महिने उरले आहेत. आम्ही थांबलो. तेवढ्या वेळात कागद गोळा केले, नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, आमचं खरेदीखत, सोसायटीचा शेअर दाखला, मिळकतकराची पावती, विजेची बिलं, बँकेचे उतारे, फोटो. फ्लॅट दोघांच्या नावावर म्हणून अर्जात दोघांचीही नावं आणि दोघांचंही प्रतिज्ञापत्र.

आंदोलनानंतर पुढे ढकललेली ती राज्यसेवेची पूर्व परीक्षा शेवटी १ डिसेंबर २०२४ला झाली. आमचा करार संपला ३० नोव्हेंबरला, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी. करार संपला, घर रिकामं करा, असं पत्र त्या गृहस्थाला त्याच दिवशी गेलं. मुलांना मात्र आम्ही काहीही कळवलं नाही. त्यांची परीक्षा होऊ दिली, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याच्या सक्षम प्राधिकाऱ्यांकडे अर्ज दाखल केला. ते काही दिवस थांबल्याने आमचं काहीच बिघडलं नाही.

या कार्यवाहीतली एक गोष्ट घरमालकांनी समजून घेण्यासारखी आहे. समन्स मिळाल्यावर समोरच्याला आपोआप लढता येत नाही. तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन, आपल्याकडे बचावाला खरोखर काही आहे असं दाखवून आधी परवानगी घ्यावी लागते. वकील लोक त्याला 'लीव्ह टू डिफेंड' म्हणतात. ती मागितलीच नाही किंवा नाकारली गेली तर अर्जातली विधानं मान्य धरून आदेश होतो. आणि कलम २४च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की लेखी करारात जे नमूद आहे त्याचा तो निर्णायक पुरावा मानला जाईल. म्हणजे 'तोंडी असं ठरलं होतं' याला फारसा वाव राहत नाही.

आमच्या गृहस्थाने प्रतिज्ञापत्र दिलं. त्याची प्रत मी किती वेळा वाचली असेल. त्यात एके ठिकाणी म्हटलं होतं की राहणारी मुलं हे त्याचे भाचे-पुतणे आहेत. दोन परिच्छेद खाली म्हटलं होतं की जागेचा वापर वसतिगृहाच्या व्यवसायासाठी होतो, मालकांना ते पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून राहत्या जागेसाठीचं कलम २४ इथे लागूच होत नाही. शिवाय आम्ही तोंडी तीन वर्षांची मुदतवाढ दिली होती आणि त्याने दीड लाख रुपये दुरुस्तीला घातले होते. वाचून माझ्या अंगाची लाही झाली. आमच्या भिंती जाळल्या, कपाटाला कड्या ठोकल्या, आणि वर दुरुस्तीचा खर्च! मॅडम मात्र खूश होत्या. त्यांच्या मते व्यवसायाचा मुद्दा मांडून त्याने अटभंगाची लेखी कबुलीच दिली होती. करारात 'फक्त कुटुंबाच्या निवासासाठी' असं लिहिलेलं होतं, आणि निर्णायक पुरावा त्या लिहिलेल्याचाच.

तारखांबद्दल फार लिहीत नाही. कधी त्यांचे वकील आजारी, कधी अधिकारी दुसऱ्या कामावर, कधी नुसतीच पुढची तारीख. पहाटेची एसटी पकडून स्वारगेटला उतरायचं आणि दुपारी परत. मिस्टरांच्या रजा त्यात गेल्या. सासूबाईंच्या मावशींचा पगार आम्ही एका मुदत ठेवीतून देत होतो. मधल्या काळात त्याने एकदा २७,००० रुपये थेट खात्यात टाकले. मॅडमनी लगेच पत्र पाठवायला लावलं की ही रक्कम भाडं म्हणून स्वीकारलेली नाही, आमचे हक्क राखून नुकसानभरपाईपोटी जमा केली आहे. मुदत संपल्यावर मुकाट्याने भाडं घेत राहिलं तर करार पुढे चालू ठेवला असा अर्थ काढायला तो मोकळा झाला असता. ही बारीक गोष्ट आहे, पण करार संपल्यावरही बसून राहिलेल्या माणसाकडून पैसे घेताना दर वेळी लिहून कळवायला हवं.

मुलांशी माझा संपर्क होता. परीक्षा झाल्यावर काही जण गावी गेले, काही अभ्यासिकेजवळ दुसरीकडे कॉट बघून गेले. पण जाताना डिपॉझिट मागितलं की तो गृहस्थ म्हणायचा, 'मालकिणीने केस केलीय, पैसे अडकलेत, तिला विचारा.' आणि रिकाम्या कॉटवर नवी मुलं आणायचा. हे कळल्यावर मी सोसायटीच्या परवानगीने खालच्या फलकावर आमच्या कराराची मुदत संपल्याची, प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्यांकडे असल्याची सूचना लावली, अर्जाच्या क्रमांकासह. त्यानंतर नवी मुलं यायची थांबली. एका मुलाच्या वडिलांनी बुलढाण्याहून फोन केला होता. म्हणाले, 'ताई, सहा हजार म्हणजे आमच्याकडं सोयाबीनच्या दीड क्विंटलाचे पैसे.' त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती, आणि ते मला जास्त लागलं. त्या मुलांशी आमचा काही करार नव्हता, कायद्याने आमच्यावर त्यांची जबाबदारीही नव्हती. पण आमच्या घराच्या भिंती दाखवून त्यांच्याकडून पैसे घेतले गेले होते.

२०२५च्या जुलैत आदेश झाला. बचावाची परवानगी नाकारली, ताबा देण्याचा आदेश, आणि १ डिसेंबर २०२४ पासून ताबा मिळेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने, म्हणजे महिना ५४,००० प्रमाणे नुकसानभरपाई. हे दुप्पट कलम २४मध्येच लिहिलेलं आहे, वेगळं सिद्ध करावं लागत नाही. या आदेशावर अपील नसतं. पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश वरच्या पातळीवर तपासून घेण्याचा अर्ज, करता येतो. आणि आदेश अंतिम झाल्यावर तीस दिवसांत जागा सोडली नाही तर प्राधिकारी गरज पडल्यास बळाचा वापर करून ताबा घेऊन देऊ शकतात.

आदेशाची प्रत मिळाली त्याच आठवड्यात तो गृहस्थ साताऱ्याला आमच्या दारात आला. बरोबर बायको. चहा केला. त्याचं म्हणणं, दुप्पटीचं माफ करा, महिनाअखेर किल्ल्या देतो, नाहीतर मी वर जातो आणि मग अजून वर्ष जाईल. हिशोब आमच्यासमोर होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं थकलेलं भाडं ५४,०००. ऑगस्टअखेर ताबा धरला तर नऊ महिन्यांचे दुपटीने ४,८६,०००. त्यातून मधे आलेले २७,००० आणि डिपॉझिटचे एक लाख वजा केले तर ४,१३,००० येणं. मिस्टर गप्प होते. मी म्हटलं, 'तडजोडीचं बघू. पण आधी त्या मुलांची डिपॉझिटं. एकूणएक मुलाची. ती त्यांच्या खात्यात गेल्याशिवाय मी एक रुपया सोडणार नाही.'

तो म्हणाला, 'ताई, तो माझा आणि मुलांचा व्यवहार आहे.'

'माझ्या घरात झालेला व्यवहार आहे,' मी म्हटलं.

मॅडमना हे फारसं पसंत नव्हतं. त्या म्हणाल्या, आदेश हातात असताना एवढी रक्कम सोडायची गरज नाही, आणि तिऱ्हाइतांचे पैसे तडजोडीत आणले की गुंता वाढतो. वकील म्हणून त्यांचं बरोबर होतं. तरी मी अडून बसले. शेवटी लेखी तडजोड झाली. मी स्क्रीनशॉटवरून केलेल्या यादीतल्या सगळ्या मुलांना, सोडून गेलेल्यांसकट, सहा-सहा हजार परत जातील. त्याच्या पावत्या आम्हाला मिळतील. त्यानंतर ३१ ऑगस्टला रिकामा ताबा. आम्हाला एकूण दोन लाख, एक लाख ताब्याच्या दिवशी आणि एक लाखाचा पुढच्या महिन्याचा चेक. यातलं काहीही चुकलं तर मूळ आदेश जसाच्या तसा अमलात आणायला आम्ही मोकळे. हे शेवटचं वाक्य मॅडमनी स्वतः घातलं आणि कितीही घासाघीस झाली तरी हलू दिलं नाही.

पैसे मुलांना गेले. एकेकाचा मेसेज यायला लागला, 'काकू आले.' जतचा एक मुलगा तोवर तलाठी भरतीच्या अभ्यासाला गावी परतला होता, त्याचा नंबर बदललेला. त्याला शोधायला इतर मुलांनीच मदत केली.

३१ ऑगस्टला ताबा घेताना सेक्रेटरींना आणि शेजारच्या काकांना पंच म्हणून बोलावलं. खोलीनिहाय व्हिडिओ, मीटरच्या आकड्याचा फोटो, किल्ल्यांची संख्या लिहून ताबा पावती, तिच्यावर चौघांच्या सह्या. कुलूप त्याच दिवशी बदललं, आता तो अधिकार आमचा होता. नंतर कळलं की दोन महिन्यांचं वीजबिल थकवलेलं होतं, ते आम्हीच भरलं, कारण मीटर आमच्या नावावर. वायरिंग पूर्ण नवं करावं लागलं. इलेक्ट्रिशियनने करपलेला सॉकेट काढून माझ्या हातात दिला, मागची वायर हात लावताच भुगा होत होती.

एक लाखाचा चेक बँकेतून परत आला, खात्यात शिल्लक नाही म्हणून. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि समोरच्याला पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात. मॅडमनी नोटीस दोन्ही कारणांनी काढली, चेकसाठीही आणि तडजोड मोडल्यामुळे मूळ आदेश पुन्हा जागा झाल्याचं कळवण्यासाठीही. पंधरा दिवस संपायच्या आत एक लाख जमा झाले.

आता फ्लॅटमध्ये एका बँकेत काम करणाऱ्या दोन बहिणी राहतात. करार पुन्हा नोंदणीकृतच, पण या वेळी राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि आधार करारात आहे, तिमाहीला एकदा आगाऊ कळवून जागा पाहायची अट आहे, आणि मुदत संपल्यावर येणारी रक्कम भाडं समजली जाणार नाही हे वाक्यही. सासूबाईंच्या मावशींचा पगार पुन्हा भाड्यातून जातो. भिंतीवरचा सनावळ्यांचा तक्ता रंगकाम करताना निघाला, तो ज्या मुलाचा होता त्याला विचारून कुरिअरने बीडला पाठवला. त्याची मुख्य परीक्षा व्हायची होती.